भट्टीवरचा दूरमामा

कामावरून आलेल्या माणसाकडे घरची पोरं धावतात आणि तो त्यांना उचलून घेतो. आमच्या वस्तीत एकच माणूस असा होता, की पोरं धावत आली की दोन्ही हात वर करून मागे सरकायचा. "दूर रे, दूर. आंगोळ नाय झाली अजून." रोज संध्याकाळी हेच. त्यावरून पोरांनी त्याचं नाव दूरमामा पाडलं आणि पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली. माझा तर तो खराच मामा, आईचा चुलतभाऊ.

आमची वस्ती टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडी आत. वस्तीच्या वरच्या अंगाला माळावर पत्र्याची मोठी शेड होती. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडायचे. रिक्षांच्या, ट्रकच्या, इन्व्हर्टरच्या, सगळ्या मेलेल्या बॅटऱ्या टेम्पो भरभरून यायच्या. कुऱ्हाडीने कवच फोडायचं, आतलं अ‍ॅसिड ओतून द्यायचं, शिशाच्या जाळ्या काढून भट्टीत वितळवायच्या आणि साच्यात ओतून विटा पाडायच्या. त्या विटांपासून पुन्हा नव्या बॅटऱ्या. हे देशाच्या कामाचं आहे, कचरा वाचतो, असं शेठ येईल त्याला सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. मामा त्या भट्टीवर होता. त्याआधी तो मुरबाडच्या एका कारखान्यात होता. तो बंद पडला. घरापासून चालत जाता येईल असं दुसरं काम आमच्याकडे नव्हतं.

मामा पुढच्या दाराने कधी घरात आला नाही. शेडवरून उतरला की शेताच्या बांधाने थेट घरामागे जायचा. तिथे त्याने जुन्या पत्र्यांची न्हाणी केली होती. डोक्यापासून साबण लावायचा, नखं काडीने कोरायचा, कानामागे चोळायचा. अंगावरचे कपडे वेगळ्या बादलीत, आणि ती बादली तो मामीला हात लावू द्यायचा नाही; स्वतःच धुवायचा, वेगळ्या दोरीवर वाळत घालायचा. मग स्वच्छ शर्ट घालून, केस विंचरून, घराला वळसा घालून पुढच्या दारात यायचा, पाहुणा आल्यासारखा. "आलो बरं का," म्हणायचा. तेव्हा कुठे पोरांना जवळ घ्यायचा.

त्याच्या आईला हे सहन व्हायचं नाही. म्हातारी तेव्हा होती. एकदा आम्ही सगळे अंगणात बसलेलो असताना तिने त्याला फैलावर घेतलं. "तुझ्या आज्याला लोकं असंच दूर हो, दूर हो म्हणायची रे. आपण धम्म घेतला, त्यातनं बाहेर आलो. आन तू आता सोताच सोताला दूर म्हणतोस? लाज नाय वाटत?"

मामा टॉवेलने डोकं पुसत उभा होता. तो हळूच म्हणाला, "त्यांचा इटाळ खोटा होता, आये. ह्यो खरा हाय."

म्हातारीला ते मरेपर्यंत पटलं नाही.

हे सगळं सुरू झालं ते लहानूमुळे. लहानू ठाकरवाडीतला, बॅटऱ्या फोडण्यात मामाचा जोडीदार. त्याच्या पोटात मुरडा यायचा, इतका की तो कुऱ्हाड टाकून जमिनीवर लोळायचा. कुणी म्हणालं अपेंडिक्स, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी. भगतही झाला, डॉक्टरही झाला. पुढे त्याचा उजवा हात मनगटातून खालीच पडला. पाण्याचा पेला धरायला गेला की बोटं लोंबायची. मामा त्याला घेऊन मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईने पहिल्यांदा विचारलं, "काम काय करता?" तोवर एवढ्या डॉक्टरांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मग तिने दोघांनाही बसवून सांगितलं, की शिशाची धूळ नाकातोंडाने अंगात जाते, रक्तात मिसळते, हाडांत जाऊन बसते. कपड्यांवरून घरी येते. आणि सगळ्यात जास्त बाधते ती लहान पोरांना. लहानू वाडीवर परत गेला तो पुन्हा कामाला आला नाही. भातकापणीला त्याची बायको एकटी उतरायची. मामा परत आला आणि त्याच संध्याकाळी त्याने न्हाणीला पत्रे ठोकले.

घरच्यापुरतं करून तो थांबला नाही. शेठच्या मागे लागून त्याने शेडच्या फाटकाशी एक नळ बसवून घेतला. पाळी सुटली की मामा नळाशी उभा राहायचा आणि एकेकाला हाततोंड धुतल्याशिवाय बाहेर सोडायचा नाही. लोक हसायचे. "मामा, आमी काय नवरी हाव का?" तरी धुवायचे. उन्हाळ्यात नळाला पाणी येईनासं झालं, तेव्हा तो घरून कॅन भरून डोक्यावर न्यायचा. शेडमध्ये बसून कुणी भाकरी सोडली की हाताला धरून बाहेर झाडाखाली आणायचा. विडी तर त्याने स्वतः सोडलीच, दुसऱ्याच्या तोंडातलीही काढून घ्यायचा.

शेठने शेडमध्ये मास्क आणले होते. चांगले, गाळणी लावलेले. ते ऑफिसच्या कपाटात असायचे. तपासणीला कुणी येणार असेल त्या दिवशी बाहेर निघायचे आणि गाडी रस्त्याला लागली की गोळा होऊन परत आत. मामा सांगायचा, "सायब आला की आमाला नाक फुटतं. सायब गेला की नाक परत कपाटात." हे सांगताना तो हसायचा, पण लगेच हेही सांगायचा की भट्टीसमोर तो मास्क लावून दहा मिनिटं उभं राहून बघा, जीव गुदमरतो, मिळाला तरी पोरं काढूनच ठेवतील. धूर ओढणारा पंखा हवा होता. पंखा एकदा बसला. काही महिने चालला, मग बिघडला, मग तो दुरुस्तीला गेलेलाच राहिला. त्याऐवजी सगळ्यांना रोज गुळाचा खडा मिळायचा. गुळाने छातीतला धूर खाली बसतो असं सगळे मानत होते. मामा तो खडा घरी पोरांना आणायचाही नाही. तिथेच खायचा. "ग्वाड लागतो, येवडाच त्याचा फायदा," म्हणायचा.

मी कल्याणला एका लॅबमध्ये काम करते, लोकांचं रक्त काढायचं. वस्तीतून अशा नोकरीला गेलेली मी पहिलीच मुलगी, म्हणून मामाला माझा भारी अभिमान. टोकावड्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत मी उभी असले आणि तो दिसला, तर चार लोकांना ऐकू जाईल असा बोलायचा, "काय गो वैशू, आज किती जणांना टोचणार?" एकदा मीच त्याला विचारलं, "मामा, एवढं सगळं तुला कळतं, तर सोडून का देत नाहीस हे काम?"

तो जराही चिडला नाही. "सोडतो की. पण एक हात सोडायचा तर दुसऱ्या हातानं काय तरी धराय लागतं. ते तू दाखव."

मी इकडेतिकडे पाहिलं. समोर ढाबा होता, त्याच्या पलीकडे शेतं, आणि डोंगर. एसटी आली आणि मी चढले.

मामाच्या मुलाचं नाव सुमेध. तो टोकावडे ते मुरबाड अशी प्रवाशांची गाडी चालवायचा. त्याचं लग्न झालं, खर्डीकडची रेश्मा सून म्हणून आली, आणि दोन वर्षांत सान्वी झाली. नात झाल्यावर मामाची आंघोळ दुप्पट लांबली. सुट्टीच्या दिवशी मात्र तो मोकळा असायचा. म्हशाच्या जत्रेला तिला बोट धरून न्यायचा, बैलांच्या बाजारात एकेका बैलासमोर उभं करून सांगायचा, "ह्याचं शिंग बघ. ह्याचं वशिंड बघ." ती बघायची, पण बोलायची नाही. तिच्या वयाची पोरं गाणी म्हणत होती आणि ही अजून दोन-तीन शब्दांवरच होती. चेहरा पांढुरका. पोट दुखतं म्हणून रडायची, जेवायची नाही, खेळता खेळता माती खायची. मामी म्हणायची, "काय काय पोरं उशिरा बोलतात." एका रविवारी मामा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "वैशू, तिचं रक्त काढ. ते शिशाचं बघतात ना, ते."

आमच्या लॅबमध्ये ती तपासणी होत नाही, नमुना मुंबईला जातो. मी सान्वीचं रक्त काढलं. रेश्माने तिला मांडीत घट्ट धरलं होतं आणि मामा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचंही रक्त मी काढलं. तो नको म्हणत होता.

रिपोर्ट आला तो आधी माझ्या हातात आला. मामाचं शिसं खूप होतं, ते धरूनच चाललो होतो. पण पोरीचंही होतं, आणि तिच्या वयाला ते फार होतं. कल्याणहून घरी येईपर्यंत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. घराशी पोहोचले तेव्हा मामा न्हाणीत होता. मी थांबले. तो नेहमीसारखा अंग चोळचोळून, कपडे धुऊन, शर्ट घालून पुढे आला आणि माझ्या तोंडाकडे बघूनच ओट्यावर बसला.

"माझ्यामुळं आलं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही, मामा."

"मी तर येक दिवस चुकलो नाय गो. तापात होतो तवा पन आंगोळ केली."

आम्ही तिला घेऊन मुंबईच्या त्याच दवाखान्यात गेलो. तिथे आता वेगळे डॉक्टर होते, वयस्क, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मामाच्या आंघोळीबद्दल ऐकून ते म्हणाले, "फार चांगलं केलंत." मग विचारलं, "मुलगी खेळते कुठे?"

"दारात. अंगणात," रेश्मा म्हणाली.

"अंगण कशाचं आहे?"

आणि मामाचा चेहरा बदलला. मी शेजारीच बसले होते, मला ते दिसलं.

भट्टीत शिसं वितळून खाली गेलं की वर जो काळा, जड गाळ उरतो आणि थंड झाला की दगडासारखा होतो, त्याला आमच्याकडे खंगर म्हणतात. तो शेडच्या मागे डोंगराएवढा साठलेला असायचा. आमच्या वस्तीत पावसाळ्यात पोटरीभर चिखल व्हायचा. मामा नव्यानेच कामाला लागला होता, तेव्हा त्यानेच शेठला विनंती केली होती की तो खंगर आम्हाला द्या, भर घालतो. शेठने आनंदाने टेम्पो पाठवले. सगळ्या वस्तीने घमेल्याने तो पसरला, धुम्मसने ठोकला. चिखल गेला. सगळ्यांनी मामाला दुवा दिला होता. लहानूचा हात पडला तो त्यानंतर काही वर्षांनी, आणि तोवर खंगरावर माती, शेण, पालापाचोळा बसून ते नुसतं अंगण झालं होतं. पायाखाली काय आहे हे कुणाच्या डोक्यातही राहिलं नव्हतं. मामाच्याही नाही.

डॉक्टर म्हणाले, लोहाची औषधं देतो, दूध-अंडी द्या, पण खरं औषध एकच. तिला तिथून हलवा. किंवा ते तिथून हलवा.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर गेला नाही. त्याने कुदळ घेतली, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि आपलं अंगण खणायला लागला. खणलेलं गोण्यांत भरायचा. निम्मं अंगणही झालं नाही तोवर गोण्या भरल्या, पण टाकायच्या कुठे? ओढ्यात टाकल्या तर खालची भातशेती. डोंगरात टाकल्या तर ठाकरवाडीचं पाणी. त्याने गोण्या घरामागे रचल्या आणि वर प्लास्टिक घातलं. मग तो शेठकडे गेला. शेठ म्हणाला, "मामा, मी होऊन नव्हता दिला. तुम्ही मागितला होता." ते खरंच होतं. पंचायतीत गेला, तिथे म्हणाले निधी आला की वरून सिमेंट टाकू. प्रदूषणाच्या ऑफिसात तक्रार लिहून दिली, तिथून दोन माणसं आली, बरणीत माती घेऊन गेली. ती माती कुठे गेली ते कळलं नाही. प्रत्येक ठिकाणी मी त्याच्याबरोबर होते. कुणी आम्हाला हाकललं नाही. सगळ्यांनी बसायला खुर्ची दिली.

अंगण फक्त मामाचं नव्हतं. सगळ्या वस्तीला तोच खंगर होता. मामा घरोघर सांगत फिरला, पोरांचं रक्त तपासा, वैशू काढून देईल. दोन-तीन घरं तयार झाली. बाकीच्यांनी दारं लावली नाहीत, पण बोलणं बंद केलं. निम्म्या वस्तीची चूल शेडवर होती. समोरच्या घरातली सुनंदामावशी, जिचे दोन्ही मुलगे शेडवर होते, ती भांडायलाच उठली. "रिपोर्ट आला, मग? मग काय करू ते सांग ना. कुटं नेऊन ठेऊ पोरांना? तुज्या सुनेला म्हायेर हाय खर्डीला. आमचं म्हायेर पन हितंच, सासर पन हितंच." मामा तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

रेश्मा आणि सान्वी खर्डीच्या बाजूला तिच्या माहेरी गेल्या. मामानेच पाठवलं. सुमेध गाडीने सोडणारच होता, तरी मामा मुरबाडपर्यंत त्यांच्याबरोबर गेला आणि तिथून एकटा एसटीने परत आला. खर्डीला गेल्यावर पोरीत थोडा फरक पडला. चेहऱ्यावर जरा रंग आला, शब्द वाढले. आजोबाला ती बाबाच म्हणायची; फोनवर "बाबा" अशी हाक मारायची आणि मामा दुसऱ्या बाजूने नुसता "हा, हा" करत राहायचा.

मामाच्या तक्रारीमुळे असेल किंवा दुसऱ्या कशामुळे, पुढच्या वर्षी शेड बंद झाली. लोकांनी मामाला शिव्या दिल्या. मामा तेव्हा थकलाच होता. हात थरथरायचे, रक्तदाब चढायचा, लघवीचा त्रास सुरू झाला होता, नावं विसरायचा. मला एकदा आईच्या नावाने हाक मारली. तरी शेड बंद झाल्याचं त्याला बरं वाटलं होतं. आणि मग एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने सांगितलं की भट्टी बंद झालेली नाही, शेठने ती हलवली आहे. शहापूरच्या बाजूला, खर्डीपासून आत. रेश्माच्या गावाहून शेड दिसते.

दुसऱ्या सकाळी मामा कुणाला न सांगता निघाला. एसटी बदलत बदलत, मग रिक्षाने तो तिथे पोहोचला. आधी शेड लांबून बघून आला. मग गावाच्या चावडीपाशी लोक बसले होते, त्यांना त्याने सगळं सांगितलं. लहानूचं सांगितलं, खंगर घेऊ नका म्हणून सांगितलं, आपली नात याच गावात आहे तेही सांगितलं. परत आल्यावर तो आमच्या ओट्यावर बसला होता, तेव्हा मी विचारलं, "ऐकलं का त्यांनी?"

"ऐकलं की. मन लावून ऐकलं. च्या पाजला." त्याने पायातल्या चपला काढून धूळ झटकली. "मंग एक जन बोलला, बाबा, तितं मानसं घेतात का कामाला? तुमची वळख असंल तर सांगा."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हननार? त्याचा काय गुन्हा हाय? मी तरी दुसरं काय केलं होतं?" आणि मग उठता उठता, माझ्याकडे न बघता, "आता कुटं पाठवायची गो तिला?"

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. मूत्रपिंडं गेली होती. उल्हासनगरच्या दवाखान्यात होता, तिथेच गेला. शुद्धीत होता तोवर मामीला एकच बजावत राहिला, माझ्यासाठी म्हणून पोरीला त्या अंगणात उतरवू नका.

पुण्यानुमोदनाला रेश्मा तिला घेऊन आलीच. आजोबाचा कार्यक्रम आणि नात नाही, हे तिला बरं वाटेना. सुमेधने गाडी अगदी अंगणाच्या कडेला लावली आणि सान्वीला कडेवर घेऊनच उतरला. ती आता पाच वर्षांची होऊन गेली होती, पाय लांब झाले होते, ते त्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. वंदना होईपर्यंत ती त्याच्याकडे होती. मग त्याला भिक्खूंना वाढायला जायचं होतं, तेव्हा मी घेतली. मी थकले तेव्हा माझ्या आईने घेतली. आईकडून सुनंदामावशीने हात पुढे करून घेतली, आणि ती तिला घेऊन कितीतरी वेळ भिंतीला टेकून उभी होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारभर ती पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरली. तिचे पाय वस्तीने जमिनीला लागू दिले नाहीत.

तिला ते आवडत नव्हतं. ती चुळबुळ करत होती. "मला खाली सोड ना," म्हणत होती. अंगणात वस्तीतली बाकीची पोरं लगोरी खेळत होती. काळे चपटे खडे शोधून आणायची, एकावर एक रचायची, आणि पाडून पुन्हा रचायची.

"मला पन खेळायचंय," ती म्हणाली.

सुनंदामावशीने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. खाली खेळणाऱ्यांत तिचेही दोन नातू होते.